डोमा टेलरच्या रक्ताचं माप

सानगडीत पांढरे कपडे घालणारी माणसं पुष्कळ आहेत, पण बारा महिने तेरा त्रिकाळ पांढरंच घालणारा माणूस एकच, डोमा टेंभुर्णे. पांढरा सदरा, पांढरी पँट, बाह्या पूर्ण आणि मनगटाची बटणं लावलेली. मे महिन्यात गावातल्या म्हशी बोडीच्या पाण्यातून बाहेर यायचं नाव घेत नाहीत, तेव्हाही डोमाचं मनगटाचं बटण सुटत नसे. धम्मचक्र दिनाला सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत निघते, पण दुसऱ्या दिवशी ज्याची त्याची रंगीत वस्त्रं परत येतात. डोमाची येत नसत. विहार समितीनं हे सात-आठ वर्षं पाहिलं आणि शेवटी त्याला अध्यक्ष करून टाकलं. सत्काराच्या वेळी तिघांनी भाषणं केली आणि तिघंही त्याच्या साध्या राहणीवर बोलले. डोमा मान खाली घालून ऐकत बसला होता. लोकांना ती नम्रता वाटली, आणि त्याला त्यांचा गैरसमज दूर करण्याची काही घाई नव्हती.

खरी गोष्ट अशी की डोमाच्या डोक्यातून कोंडा पडायचा. साधा कोंडा नव्हे. डोक्याच्या कातडीवर, कोपरांवर, गुडघ्यांवर आणि कमरेला पट्टा बसतो तिथं लालसर चट्टे होते, त्यांवर रुपेरी पापुद्रे धरायचे आणि गळायचे. काळ्या सदऱ्याच्या खांद्यावर ते लांबून दिसले असते, पांढऱ्यावर दिसत नाहीत. एवढंच त्याचं वैराग्य होतं. बुद्धवंदना त्याला तोंडपाठ होती, पंचशील तो मनापासून पाळायचा, पण कपड्याच्या रंगाशी बुद्धाचा काही संबंध नव्हता.

ह्या दुखण्याला सोरायसिस म्हणतात हे त्याला एका मेडिकल स्टोअरवाल्यानं केव्हाच सांगितलं होतं. घरात मात्र त्याचं नाव उष्णता. उष्णतेवर जे जे करतात ते सगळं डोमानं केलं होतं. कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ केली, करंजाचं तेल चोपडलं, धन्याचं पाणी प्यायलं. एकोडीच्या एका जाणत्या माणसानं हिरवा लेप दिला, त्यानं सदऱ्याला डाग पडले आणि चट्टे जागच्या जागी राहिले. मग एक मलम मिळालं. त्यानं चट्टा आठ दिवसांत जायचा खरा, पण जाताना एकटा जायचा आणि येताना गोतावळा घेऊन यायचा.

हे लपवायचं कारण उघड होतं. ज्याच्या अंगाची साल निघते त्याच्या हातचं कापड कोण अंगाला लावून घेणार? हा रोग स्पर्शानं पसरत नाही हे डोमाला ठाऊक होतं, पण गिऱ्हाइकाला ते पटवत बसण्यापेक्षा बटण लावणं सोपं. 'टेंभुर्णे ब्रदर्स टेलर्स' ही पाटी त्यानं आणि थोरल्या भावानं, सुगतनं, मिळून लावली होती. सुगत जाऊन तेरा वर्षं झाली होती. पाटी तशीच होती, आणि दुकान नीट चाललं होतं.

चालणारच. डोमाची नजर म्हणजे टेप होती. माणूस दुकानाची पायरी चढेपर्यंत त्याची कंबर डोमाच्या डोक्यात लिहून झालेली असायची. तरी तो टेप लावायचा, कारण गिऱ्हाइकाला तेवढा मान द्यावा लागतो. आता माप देताना कुठलाही पुरुष पोट आत ओढतो. हा पुरुषाचा धर्मच आहे, त्यात जात-पात नाही. अशा मापाची पँट शिवली तर ती पहिल्या पंगतीला फाटते आणि नाव टेलरचं खराब होतं. डोमानं त्यावर एक युक्ती काढली होती. टेप कमरेभोवती धरायचा, पण ओढायचा नाही, आणि सहज विचारायचं, यंदा धानाचं कसं काय? की गिऱ्हाइकाची तक्रार सुरू व्हायची. पाऊस, खोडकिडा, मजुरी, धान खरेदी केंद्रावरची रांग. तक्रार करताना पोट आत ओढून धरता येत नाही. ते सावकाश बाहेर आलं की डोमा टेप मिटवायचा. किराणा दुकानवाले केशवराव दरवर्षी अडतीस सांगायचे, डोमा दरवर्षी एक्केचाळीस लिहायचा, आणि केशवराव दरवर्षी म्हणायचे की डोमासारखी फिटिंग साकोलीतही मिळत नाही.

सगळ्या गावाची मापं त्याच्या जाड वहीत होती. त्याच वहीत त्याचंही एक पान होतं, आणि त्यावर लिहिलं होतं: कंबर चौतीस. हा आकडा त्याच्या लग्नाच्या वेळचा. त्यानंतर त्यानं स्वतःला टेप लावला नव्हता. टेलर स्वतःचं माप घेत नाही, वाकलं की चुकतं, असं तो म्हणायचा, आणि ते खोटंही नव्हतं. पँट चौतीसची कापायची, शिवणीत भरपूर माया सोडायची, म्हणजे कापड आत दुमडून राखून ठेवायचं, आणि घट्ट झाली की उसवून घ्यायची. उसवायचं काम बायकोकडे, मालनबाईकडे होतं. माया संपली की तो नवी पँट कापायचा, थोडी ढिली. वहीत मात्र चौतीसच. पंचावन्नाव्या वर्षी चौतीस कंबर बाळगणारा असा माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

गेल्या हिवाळ्यात चट्टा तळहातावर आला आणि इतक्या वर्षांची व्यवस्था कोलमडली. हाताला बाही कुठून शिवणार? कात्री धरतो त्या अंगठ्याशी कातडी फाटली आणि एका गिऱ्हाइकाच्या शर्टावर रक्ताचा ठिपका पडला. शर्ट धुऊन दिला, पण त्या दिवशी डोमा घाबरला. त्याची मुलगी रश्मी साकोलीला एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. ती चार वर्षांपासून बापाच्या मागे लागली होती की लॅबच्या बाजूलाच दर मंगळवारी भंडाऱ्याहून चामडीच्या डॉक्टर येतात, एकदा दाखवा. आता बापानं स्वतःहून विचारलं की मंगळवारी गर्दी किती असते. रश्मीनं त्याला टोमणा मारला नाही, नुसता नंबर लावून ठेवला.

डॉक्टर मेघा वयानं रश्मीपेक्षा फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी डोमाला सदरा काढायला सांगितलं. तीस वर्षांत मालनबाईशिवाय कुणापुढे न काढलेला सदरा त्यानं काढला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा राहिला. त्यांनी चट्टे पाहिले, नखं पाहिली, सांधे दुखतात का विचारलं. मग टेबलाच्या खणातून टेप काढला. डोमाला वाटलं चट्टे मोजणार असतील. त्यांनी तो कमरेला लावला.

चौतीस आहे, डोमा अगोदरच म्हणाला आणि त्यानं पोट आत घेतलं. डॉक्टर टेप नुसता धरून उभ्या राहिल्या. दुकान कुठं आहे, शिकाऊ मुलं मिळतात का, रेडिमेडमुळे धंद्यावर फरक पडला का, असं त्यांनी सहज विचारलं. रेडिमेड म्हटल्यावर डोमा सुरू झाला. रेडिमेडवाल्यांना कॉलरमध्ये घालायचं बकरम म्हणजे काय ठाऊक नाही, काजं तर एका धुण्यात सुटतात, असं तो तळमळीनं सांगत असताना टेप मिटला. आपलीच युक्ती आपल्यावर चालली हे त्याला कळेपर्यंत डॉक्टरांनी लिहूनही टाकलं होतं. त्रेचाळीस.

प्लास्टिकचा टेप जुना झाला की ताणतो, डोमानं त्यांना समजावून सांगितलं. हे अगदी खरं आहे. त्यानं खिशातून स्वतःचा टेप काढून दिला, धंद्याचा, गेल्याच महिन्यात घेतलेला. डॉक्टरांनी त्याचा मान ठेवून परत मोजलं. साडेत्रेचाळीस भरली. दाराशी उभी असलेली रश्मी बाहेर निघून गेली, आणि तिच्या हसण्याचा आवाज त्याला भिंतीपलीकडून ऐकू आला.

मग डॉक्टरांनी त्याला बसवून सांगितलं. हा रोग कातडीवर दिसतो म्हणून आपण त्याला कातडीचा समजतो, पण शरीरात एक दाह सतत चालू असतो आणि तो रक्तातही असतो. असा दाह असलेल्या माणसांत साखर वाढणं, रक्तातली चरबी वाढणं, पोट सुटणं, रक्तदाब आणि पुढं हृदयाचं दुखणं हे इतरांपेक्षा जास्त आढळतं. सगळ्यांना होतं असं नाही. पण रक्तात त्याच्या खुणा अगोदर दिसतात, आणि दिसल्या तर वेळेवर काही करता येतं. शिवाय ज्या गोळ्या द्यायच्या त्याआधी रक्त तपासावंच लागतं. त्यांनी यादी लिहून दिली आणि पुढच्या मंगळवारी रक्त देऊन यायला सांगितलं. घरात आणखी कुणाला असे चट्टे होते का, हेही त्यांनी विचारलं. नाही, डोमा म्हणाला.

पुढचा मंगळवार म्हणजे हाताशी सात दिवस होते. इथं डोमानं ते केलं जे बत्तीस वर्षं गिऱ्हाइकांना करताना बघून त्याला हसू आलं होतं. माप द्यायचं आहे ना, मग पोट आत ओढायचं. लोक कमरेचं माप आत ओढतात, त्यानं रक्ताचं ओढलं. भात बंद केला. आता भंडारा जिल्ह्यात भात बंद करणं म्हणजे काय ते इथल्याच माणसाला कळेल. मालनबाईला वाटलं ह्यांचं कुणाशी भांडण झालं. चहातली साखर गेली. सकाळी कारल्याचा रस, दुपारी मेथीचं पाणी, संध्याकाळी जांभळाच्या बियांची पूड. विहारात एका कार्यक्रमाचं जेवण होतं, लाखोरीच्या डाळीची पाटवडी होती, तिथं त्यानं आग्रह करणाऱ्यांना हात जोडले. अध्यक्षांचा संयम बघून लोक आणखी भारावले. सोमवारी रात्री तर तो नुसत्या काकडीवर झोपला आणि मंगळवारी रिकाम्या पोटी, विजयी मुद्रेनं, रश्मीसमोर हात लांब करून बसला.

उपाशीपोटीची साखर बेताचीच वर आली, एकशे चार. डोमानं तो कागद बघून हं म्हटलं. रश्मीनं दुसरा कागद पुढं केला. त्यावर तीन महिन्यांच्या साखरेचा हिशोब होता, सहा पूर्णांक आठ दशांश. म्हणजे साखरेचा आजार लागला होता. चरबीचा आकडा दीडशेच्या आत हवा तो पावणेतीनशेच्या घरात. चांगली चरबी कमी. दाहाची जी खूण बघतात, सीआरपी, ती असायला हवी त्याच्या कितीतरी वर.

"हे तीन महिन्याचं कायचं माप आहे?" डोमानं विचारलं.

"मागच्या तीन महिन्यात जे खाल्लं त्याचं. आठ दिवसाचं नाई," रश्मी म्हणाली. आईनं तिला फोनवर सगळं सांगितलं होतं. "बाबा, पोट आत वढून रक्त देता येत नाई."

डोमा चिडला. मुलीवर नाही, डॉक्टरांवर. तो चामडीसाठी गेला होता, ह्यात भाताचा विषय निघालाच कुठून? डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, साखरेची वेगळी, चट्ट्यांची वेगळी, आणि शांतपणे सांगितलं की वजन उतरलं तर चट्टेही हटायला मदत होईल, दोन्ही एकाच घरातली भांडणं आहेत. त्यानं चट्ट्यांची गोळी आणि मलम पिशवीत टाकलं, बाकीचा कागद घडी करून खिशात ठेवला, आणि घरी येऊन सात दिवसांचा राहिलेला भात एका बैठकीत भरून काढला.

मालनबाई ताटासमोर बसून होती. ती फारशी बोलणारी बाई नाही. त्याचं जेवण होऊ दिलं आणि मग म्हणाली, "भासऱ्यायची पँट जाऊबाई उसवत होत्या, तुमची मी उसवून राहिली. आमाले दोघीयले मालूम होतं. टेलर तुमी दोघं भाऊ, तुमालेच दिसलं नाई."

भासरे म्हणजे थोरले दीर, सुगत. डोमानं हात धुतला आणि दुकानात गेला. दुपारची वेळ, बाजारात सामसूम होती. त्यानं वरच्या फळीवरून जुन्या वह्या काढल्या आणि भावाचं पान शोधलं. सुगतचे कपडे नेहमी डोमाच शिवायचा, टेलर स्वतःचं माप घेत नाही ना. पानावर डोमाच्याच अक्षरात कमरेचे आकडे होते. छत्तीस. सदतीस. एकोणचाळीस. एक्केचाळीस. शेवटचा त्रेचाळीस, तेरा वर्षांपूर्वीच्या धम्मचक्र दिनाच्या जोडीसाठी. त्यानंतर दोन महिन्यांनी, सकाळी दहाच्या सुमारास, ह्याच दुकानात मशीनवर पाय ठेवलेला असताना सुगत बाजूला कलंडला होता. अठ्ठेचाळीस वर्षांचा. लोक म्हणाले टेन्शन असेल.

सुगतही पांढरंच घालायचा. पांढऱ्याची युक्ती मुळात त्याचीच होती.

डोमा त्या पानाकडे बघत बसला. अकरा वर्षं त्यानं भावाची वाढती कंबर स्वतःच्या हातानं लिहिली होती आणि दरवेळी एकच केलं होतं, कापड वाढवलं होतं. पण ह्याहून वाईट गोष्ट त्याला आठवत होती, आणि ती त्यानं मालनबाईलाही कधी सांगितली नव्हती. त्या वर्षी पावसाळ्यात सुगत म्हणाला होता, नागपूरला मोठ्या दवाखान्यात जाऊन येतो, चट्टे वाढलेत, चालताना दमही लागतो. डोमानंच त्याला अडवलं होतं. कशाला गावभर करतोस, म्हणाला होता. नागपूरची चिठ्ठी आली की चार लोक विचारतील, गिऱ्हाईक तुटेल. दिवाळीनंतर बघू. थोरल्यानं धाकट्याचं ऐकलं, कारण धाकट्याला धंद्याचं जास्त कळायचं.

त्या संध्याकाळपासून डोमानं साखरेची गोळी सुरू केली. भात अर्ध्यावर आणला, आणि अर्धा भात हा जिल्ह्याच्या मानानं पराक्रमच आहे. पहाटे तलावाच्या पाळीवरून चालायला लागला. लोकांनी विचारलं तर ध्यान करतो असं सांगायचा, म्हणजे त्याची कीर्ती वाढतच राहिली. रश्मीनं मात्र एक गोष्ट लावून धरली. डॉक्टर म्हणाल्या होत्या की हे घराण्यात चालतं, जवळच्यांनीही लक्ष ठेवावं, आणि रश्मीला मोठ्या बाबांचे, म्हणजे सुगतचे, पांढरे कपडे आठवत होते. अंकुशदादाला सांगा, असं तिचं म्हणणं होतं. अंकुश म्हणजे सुगतचा एकुलता मुलगा, सत्तावीस वर्षांचा, एका राईस मिलमध्ये सुपरवायझर. मेमध्ये त्याचं लग्न होतं, मुलगी शहापूरची. डोमा म्हणाला, लग्न होऊन जाऊ दे. रश्मी म्हणाली, मी सांगते. डोमानं तिला शपथ घातली. अंकुशला काही झालेलं नसेल तर उगाच शुभकार्यात विघ्न कशाला, हे त्यानं स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की ते त्याला पटायला आलं होतं. खरं कारण दुसरं होतं. अंकुशला चट्ट्यांचं सांगायचं म्हणजे बापाचं सांगावं लागणार, आणि बापाचं सांगायचं म्हणजे नागपूरचं.

लग्नाचा सूट काकाच शिवणार हे ठरलेलंच होतं. मार्च महिन्यात अंकुशनं भंडाऱ्याहून गडद निळं कापड आणून दिलं. सुंदर कापड होतं. डोमानं ते धुऊन, इस्त्री करून ठेवलं. एप्रिलच्या मध्यावर अंकुशचा फोन आला. काका, निळं राहू द्या, मी दुसरं आणतो, म्हणाला. क्रीम कलरचं, किंवा पांढरंच आणतो.

डोमानं बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग खुर्चीवर बसला. सत्तावीस वर्षांचा पोरगा, ज्यानं तीन दुकानं फिरून निळं कापड निवडलं, तो पांढऱ्यावर का येतो, हे सगळ्या तालुक्यात एकाच टेलरला कळण्यासारखं होतं.

रविवारी अंकुश माप द्यायला आला. बेचाळीस डिग्री ऊन होतं आणि त्याच्या चौकड्याच्या शर्टाची मनगटापर्यंत बटणं लावलेली होती. दुकानात केशवराव आपल्या पँटची वाट बघत पेपर घेऊन बसले होते. डोमानं टेप कमरेभोवती धरला. पोरानं पोट आत ओढलं. डोमानं विचारलं, शहापूरची मंडळी काय म्हणतात? अंकुश सांगू लागला, मंडपाचं, बॅन्डचं, पाहुण्यांचं, आणि टेप मिटला. अडतीस. सुगत सदतिसाव्या वर्षीही छत्तीसच होता. डोमानं वही उघडली, पेन हातात घेतला, आणि आकडा लिहिला नाही.

तो उठून अंकुशसमोर उभा राहिला. उजव्या मनगटाचं बटण काढलं. मग डाव्या. दोन्ही बाह्या कोपराच्या वर सरकवल्या आणि हात पुढं धरले. चट्टे तीन महिन्यांत बरेच हटले होते, तरी दिसायला पुरेसे होते. केशवरावांनी पेपरावरून पाहिलं, परत पेपरात पाहिलं, आणि पेपराची घडी करून म्हणाले की त्यांना बँकेत काम आहे, पँट संध्याकाळी नेतो. रविवार होता. पण ते पायऱ्या उतरून गेले, आणि डोमाला त्यांचे उपकार वाटले.

"हे माह्यं आहे," डोमा म्हणाला. "तीस वर्षांपासून. तुह्यं कुठंसा आलं?"

अंकुशनं त्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला की कोपरावर आहे, आणि डोक्यात. महिना झाला. आई म्हणते उष्णता आहे. पोरीकडच्यांना कळलं तर काय, ह्यानं त्याची झोप उडाली होती.

डोमानं त्याला बसवलं आणि त्याला जमेल तसं सगळं सांगितलं. हे लागत नाही. बायकोला होत नाही. पण नुसतं चामडीचं नाही, रक्तातही असतं, ते वेळेवर बघावं लागतं. स्वतःचे आकडे सांगितले, एकही कमी न करता. साडेत्रेचाळीससुद्धा सांगितलं. अंकुश ऐकत होता, मधूनच मान हलवत होता, आणि डोमाला वाटलं की इथं थांबलं तरी चालेल. पोराला दवाखान्यात नेलं की काम झालं. पुढचं त्यानं विचारलं तरच सांगायचं.

अंकुशनं विचारलं.

"बाबाले बी हेच होतं?"

"हाव."

"मंग मले आतावरी कोनी काहून नाई सांगतलं?"

डोमानं टेबलावरची वही मिटली.

"मले लाज वाटे म्हणून," तो म्हणाला. "आन् भेव बी वाटे. तुह्या बापाले त्या साली नागपूरले जाचं होतं दाखवाले. मीच नाई जाऊ देल्लं. म्हणलो, कायले गावभर करतं, गिऱ्हाईक तुटंल. त्यानं माह्यं आयकलं. मंग दोन-चार मयन्यात गेला तो. तुले सांगतो तं हे बी सांगा लागे, म्हणून तेरा वर्षं गप बसलो."

बोलून झाल्यावर तो उघड्या हातांनी तसाच उभा राहिला. अंकुशनं काही शिवी घातली असती, उठून गेला असता, तरी त्याला ते योग्यच वाटलं असतं. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाप गेला तेव्हा तो नववीत होता. दुकानाच्या ह्याच पायरीवर बसून त्यानं काकाला विचारलं होतं की बाबांना अगोदर काही त्रास होत होता का, आणि काका नाही म्हणाला होता.

अंकुशनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. मग मनगटाचं बटण काढलं, बाही वर केली आणि आपला हात डोमाच्या हाताशेजारी टेबलावर ठेवला. कोपराशी रुपयाएवढा एकच चट्टा होता.

"मले कवा नेता, काका?"

"उद्या," डोमा म्हणाला. "रश्मीपाशी रक्त देऊ, परवा डॉक्टरले दाखवू. सकायी चाय न पेता ये."